डांबरावरचं ग्लिसरीन

बुधवार, ३१ जानेवारी २००७. सकाळी टँकरने गेटपासून वळणापर्यंतचा रस्ता भिजवला. दुपारी पाहुणे आले, दीपप्रज्वलन झालं, सरांना शाल-श्रीफळ दिलं. मग सूत्रसंचालकांनी माझं नाव पुकारलं. मी बोलले ते असं:

समारंभाचे अध्यक्ष माननीय वामनराव, आज सेवानिवृत्त होणारे आपले व्यवस्थापक आदरणीय नंदकिशोर सर, मंचावरील पाहुणे आणि समोर बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मी संगीता राठोड, प्रयोगशाळेत काम करते. मला भाषणाची सवय नाही. दिग्रसच्या या बंद पडलेल्या जिनिंगमध्ये सरांनी बायोडिझेलचा कारखाना उभा केला. कापसाला भाव नव्हता, तेव्हा इथल्या किती घरांत चूल पेटली. त्याबद्दल मी सरांची आभारी आहे, आणि ते मनापासून सांगते.

आत्ताच्या मानपत्रात 'सरांनी टाकाऊ ग्लिसरीनचा उपयोग शोधला' असं वाचलं गेलं. टाळ्याही झाल्या. कोणी शोधला हो? तेल आणि मेथॅनॉलपासून डिझेल झालं की तळाला उरतो तो तपकिरी चिकट गाळ म्हणजे हे ग्लिसरीन. त्याचे ड्रम कुंपणापर्यंत साठले होते. ते विकायला दिग्रस, दारव्हा, यवतमाळ कोण फिरलं? माझे पती, संजय राठोड. मानपत्रात त्यांचं नाव नाही.

मुंबईचा कारखाना म्हणाला, माल कच्चा आहे, भाडंही निघणार नाही. मग संजय यांनी त्याचा साबण करून पाहिला. दारव्ह्याच्या बाजारात दुकानदार नागोराव वडी हुंगून म्हणाले, "राठोड, यानं आंघोळ केली तं बायको घरात घेईन का तुले?" हे म्हणाले, "माह्यी घेते. तुमचं तुम्ही पाहा." सगळा बाजार हसला, पण वडी कोणी घेतली नाही. घरी येऊन मला म्हणाले, "हे ग्लिसरीन आपल्या इकडच्या पोरांसारखं हाय बघ. गुण लय, पण कामावर घ्यायले कोणी तयार नाही."

तरी त्यांनी सोडलं नाही. तांड्यावर धरमसिंगकाकांच्या गोबरगॅसमध्ये शेणासोबत थोडंसं घातलं, तर ज्योत मोठी झाली. काकांना वाटलं, आणखी घातलं तर आणखी मोठी होईल. त्यांनी बादलीभर ओतलं आणि टाकी आंबली, गॅसच बंद झाला. संजय म्हणाले, "काका, मिठासारखं घाला म्हटलं होतं, पिठासारखं नाही." काकांनी चूक मान्य केली. आजही ते मोजूनच घालतात.

धुळीचा उपायही संजय यांचाच. त्यांनी सरांना सांगितलं तेव्हा मी टेबलाजवळ उभी होते. "सर, मेथॅनॉल काढून, पाण्यात पातळ करून, मातीच्या आवारात शिंपडायचं. माती ते पिते. डांबर पीत नाही, तिथं टाकायचं नाही." सरांनी 'धूळ बसते' एवढंच ऐकलं. दिवाळीनंतर पाहणीला मोठे पाहुणे येणार होते. त्यांच्या पांढऱ्या गाड्यांवर धूळ बसू नये म्हणून तो गाळ, तसाच, डांबरी रस्त्यावर ओतला. पाहुणे खूश होऊन गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे दव पडलं. पहिल्या पाळीला येताना त्या वळणावर संजय यांची मोटरसायकल घसरली.

अध्यक्ष महोदय, आज आनंदाचा प्रसंग आहे, असं आपण आत्ता हळूच म्हणालात. मला ऐकू आलं. आपण मोठे आहात, माफ करा. पण संजय यांची शोकसभा झाली तेव्हाही कोणी म्हणालं होतं, हा दुःखाचा प्रसंग आहे, आज विषय नको. मग विषय कधी काढायचा?

त्या शोकसभेत सर म्हणाले होते, "संजय चांगला माणूस, पण गाडी जोरात काढायचा." माझ्या सासूबाई हंसाबाई मागच्या रांगेत बसल्या होत्या. घरी येऊन म्हणाल्या, "माह्या पोऱ्याच्या पुढून बैलगाडी जाये. त्याले जोरात कोण म्हणते?" तेव्हापासून गावात जो तो तेच सांगतो. मुलीच्या शाळेतही सांगतात. माणूस गेला, वर दोषही त्याचाच!

सर, मला तुमच्याकडून सत्कार नको, मानपत्रात नावही नको. ते एक वाक्य तेवढं मागे घ्या. इथेच, या माइकवर, उद्या तुम्ही नागपूरला जायच्या आधी. ज्यांनी ते ऐकलं ते सगळे इथे बसले आहेत. आणि आज सकाळी तोच गाळ पुन्हा त्याच रस्त्यावर का ओतला, हेही सांगा. धूळ कोणाच्या अंगावर बसली असती?

एवढंच सांगायचं होतं. आपण मला बोलू दिलं, ऐकून घेतलं, त्याबद्दल सर्वांचे आभार. कोणाचा मान राखण्यात उणं पडलं असेल तर पोटात घाला. बोलले ते मात्र खरं आहे.

टाळ्या झाल्या नाहीत. सर उठले, माइकपर्यंत आले, घसा खाकरला आणि म्हणाले, "संगीताताई, यावर आपण सवडीनं बोलू." मग फोटोसाठी खुर्च्या हलवायला सुरुवात झाली.

मी मागच्या दारानं बाहेर पडले. बॉयलरपाशी पऱ्हाटीची, कापसाच्या वाळल्या काड्यांची, राख पडलेली असते. ती घमेल्यात भरली, वळणापर्यंत नेली आणि पाहुण्यांच्या गाड्या निघायच्या आत रस्त्यावर पसरली.