चौथ्या नंबरचा कॅमेरा

कर्लिंगच्या खेळात तो जड दगड बर्फावरून घरघरत सरकत जातो ना, त्या घरघरीच्या वर एक हसणं ऐकलं होतं मी, चोपन्न वर्षांपूर्वी, आमच्या गावच्या हॉलमध्ये... आधी नाकातून फुस्स, मग एकदम खळखळ. स्टेफानिया हसली होती. माझा दगड भलतीकडे गेला म्हणून हसली होती, पण ते जाऊ द्या, लग्न झालं ना आमचं. तर तेच हसणं, तुम्हाला सांगतो, अगदी तेच, ती आता दर गुरुवारी दुपारी तीन वाजता आर्विडला देते, आणि मला ते ऐकूही येत नाही, कारण मी आतल्या खोलीत पडद्यासमोर असतो आणि कॅमेऱ्याला कान नसतात.

आतल्या खोलीत कसा गेलो म्हणता? बूट दुरुस्तीचं दुकान होतं माझं, एकेचाळीस वर्षं. मग गावात बूट शिवून घेणारं कुणी उरेना, तेव्हा त्याच जागेत स्टेफानियाने गांजाच्या दुकानाचा परवाना काढला, आमच्याकडे आता ते कायदेशीर आहे. सत्तरीत काढला. भिंतीवर चौकटीत लावलाय, नाव तिचं. मेट्रो हे माझं नाव. मला म्हणाली, "मेट्रो, तुला गिऱ्हाइकाला 'या' म्हणायला अर्धा तास लागतो. तू आपले कॅमेरे बघ." नऊ कॅमेरे. पुढचं दार, मागचं दार, तिजोरी, माल उतरवायची जागा... परवान्याची अटच तशी, सगळं चित्रण साठ दिवस जपायचं, आणि पडद्याच्या खोलीत कोण शिरलं, किती वाजता, कशासाठी, ते वहीत लिहून सही करायची. मी माझा चष्मा आणायला गेलो तरी सही. आणि विकतो काय, तर निम्म्या गावाला झोप यायच्या चघळायच्या गोळ्या.

आता हा आर्विड. धान्याच्या कोठारावर कामाला होता, बायको जाऊन चार वर्षं झाली, डोक्यावर केस मात्र सगळेच्या सगळे, या वयात कशाला लागतात एवढे केस? गुरुवारी येतो, बूट चकचकीत करून येतो, आणि ते बूट कुणी शिवलेत? मी. टाच मी लावली, टाके मी घातले, आणि ते चालत येतात कुठे, तर माझ्या बायकोसमोर. गोळ्यांची एक डबी घ्यायला माणसाला किती वेळ लागावा? अकरा मिनिटं. मी पडद्यावर मोजलीत. तो काहीतरी बोलतो, तिचे खांदे हलतात, तो परत बोलतो, परत खांदे... काय बोलत असेल? कॅमेऱ्याला कान नसतात.

चौथ्या नंबरचा कॅमेरा गल्ल्याच्या कडेला, भिंतीवर. नियम असा की त्यात गिऱ्हाइकाचा चेहरा स्वच्छ दिसला पाहिजे. म्हणजे मला आर्विडचे दात दिसायचे आणि स्टेफानियाचा नुसता खांदा. मला सांगा, हा काय न्याय झाला? म्हणून एका सकाळी स्टूल घेतलं आणि कॅमेरा वीतभर फिरवला. वीतभरच. आता ती समोर आली, पूर्ण, आणि आर्विडचं उरलं फक्त कोपर. काय गोड दिसत होतं ते कोपर.

तीन आठवडे बरे गेले. मग, न कळवता, परवाना खात्याची बाई आली. मिस बोड्री. गुरुवारीच. आधी तिने वही उघडली.

"मिस्टर ह्रित्सुक, तुम्ही रोज सकाळ-संध्याकाळ आत येता, ठीक. पण दर गुरुवारी तीनला आणखी एकदा?"

"तपासणी," मी म्हटलं.

"काय तपासता?"

मी म्हटलं, कोपर. म्हणजे मनात म्हटलं. तिने चौथ्या कॅमेऱ्याचं चित्रण लावलं आणि स्टेफानियाला आत बोलावलं. तिचीही सही घेतली वहीत. आणि मग आम्ही तिघं बघत राहिलो. तीन आठवडे, नुसती स्टेफानिया. स्टेफानिया हसतेय, स्टेफानिया कानामागे केस सारतेय, स्टेफानिया जांभई देतेय...

"गिऱ्हाइकं कुठे आहेत?" बाई म्हणाली. "तीन आठवडे एक चेहरा नाही. एवढ्यावर दुकान बंद करता येतं मला, माहीत आहे?"

 स्टेफानियाची सत्तरीतली एकच हौस, आणि मी ती एका कोपरापायी बुडवत होतो. बाईने पडद्यावरच्या कोपरावर बोट ठेवलं आणि स्टेफानियाला म्हणाली, "निदान हा दर गुरुवारी तीनला येणारा माणूस तुमच्याशी काय बोलतो, ते सांगा."

"आर्विड?" स्टेफानिया म्हणाली. "त्याच्या बुटाची टाच झिजलीय. दर वेळी विचारतो, मेट्रो कधी भेटेल. मी म्हणते, बाबा रे, तू आलास की तो आत जाऊन बसतो, का ते विचारू नकोस." आणि हसली. फुस्स, मग खळखळ. ऐकलं मी, अगदी शेजारून.

बाईने लेखी ताकीद दिली, "आजच्या आज कॅमेरा जागेवर," म्हणाली, आणि तिजोरी बघायला गेली. स्टेफानिया बाहेर गेली. पडद्यावर दिसली. स्टूल ओढलं, वर चढली, थेट माझ्याकडे बघितलं. खूप वेळ. मी ओठांकडे बघत होतो, आता बोलेल, एक शब्द तरी... तिने केस नीट केले, मग हात पुढे केला आणि कॅमेरा फिरवला. ती चौकटीतून सरकत गेली, आधी डोळे, मग कान, मग खांदा. तीन वाजले होते. समोर आला आर्विड, दातांसकट, अगदी नियमाप्रमाणे स्वच्छ, साठ दिवस जपायचा. आणि स्टेफानिया स्टुलावरून उतरली, निघून गेली.