लॉर्ड हारकोम्ब यांचे संमतीपत्र

विषय — सदनिका बी-४०२ च्या मिळकतकर नोंदीत मालक म्हणून लॉर्ड हारकोम्ब यांच्याऐवजी सौ. रुक्मिणीबाई अर्जुनराव काळोखे यांचे नाव लावणेबाबत. संदर्भ — माझेच आधीचे सहा अर्ज. — वाचला ना मोठ्यानं? मग आता मान वर करा, सुजितराव!

पुन्हा सांगतो. आमच्या बिल्डरला इंग्लंडातल्या कुठल्याशा खेड्यातला कॅसल आवडला. तिथल्या तीन सरदार घराण्यांची नावं त्यानं तीन इमारतींना दिली — चाकण रस्त्यावर, शेजारी कंपनीतल्या पत्रे ठोकणाऱ्या प्रेसचा धडधडाट, आणि आम्ही राहतो हारकोम्बमध्ये! जिन्यापाशी फलक आहे : ‘हारकोम्ब घराणे, मालक, इ.स. १३१२ पासून.’ तुमच्या महापालिकेचा पाहणीवाला आला तेव्हा आमच्या दाराला कुलूप — बायकोचं, रुक्मिणीचं, डायलिसिस होतं — तर त्यानं खालच्या फलकावरून नाव उतरवलं. मालक लॉर्डसाहेब, आम्ही भोगवटादार! काय? मूळ मालकाची संमती जोडू? वा! सातशे वर्षांपूर्वीच्या सरदाराची सही! संत तुकाराम नगरहून बस आहे का तिकडं? — हसू नका. त्या इमारतीखालची जमीन कुणाची होती, ठाऊक आहे? रुक्मिणीच्या वडिलांची, धोंडीबांची. लॉर्डाचं सबंध घराणं भिंतीवर, धोंडीबांचं नाव कुठंय? नाही. कारण ते गेल्यावर पोरीची वारसनोंद झालीच नाही, चुलत्यांनी जमीन परस्पर विकली. का नाही झाली? अर्ज तीनदा परत गेला — ‘मूळ खातेदाराची संमती जोडावी.’ मेलेल्या माणसाची! असला शेरा कोण गाढव मारतो? कोण म्हणजे... तहसिलीत एकतीस वर्षं कारकून होतो मी... टेबल माझंच होतं. नियम कसला, राव, भीती होती. बायकोचं काम झटकन केलं तर साहेब काय म्हणतील! तिला तो शेरा मी कधी दाखवलाच नाही; तिला अजून वाटतं, अर्ज टपालात गहाळ झाला. आता डॉक्टर महिन्यांची भाषा करतात, वर्षांची नाही. तिच्या बापाच्या रानावर तिचं नाव एकदा लागलेलं तिला दाखवायचंय, बस्स — तुम्ही काय लिहिताय? हे लिहायचं नाही! हे अर्जात नाहीये. खोडा ते. शिक्का मारा, पोच द्या इकडं. शेरा काय? ‘संमतीपत्राअभावी अर्ज प्रलंबित.’ ठीक. तारीख घाला, आणि पुढच्याला बोलवा.