म्हातारीला काढायचं कसं

नाही, मला एक सांगा, काही बसवायचं म्हटलं की माणसं कशी धावत येतात? एक शिडी धरतो, एक खिळा धरतो, तिसरा नुसताच "जरा डावीकडं... नाही, उजवीकडं" म्हणत कमरेवर हात ठेवून उभा राहतो, आणि तेच काढायची वेळ आली की? सगळ्यांच्या पाठीत एकदम उसण! तुम्हाला सांगते, जगाची रीतच आहे ही. बसवणारे सतरा, काढणारं कोणी नाही!

तर ऐका. एक होतं इस्पितळ, त्यात होती माझी सून, सुनेच्या डोक्यावर एक साहेब, आणि सगळ्यांच्या खाली तळघरात एक म्हातारी. थांबा, थांबा, म्हातारी म्हणजे मी नव्हे! मी घरात बरी आहे, मला कोणी काढत नाही. ही म्हातारी म्हणजे यंत्र. सर्व्हर म्हणतात त्याला. इस्पितळातले सगळे फोन चालवायला अशा तिघी होत्या, तळघरातल्या गार खोलीत एकमेकींना धरून बसलेल्या. थोरली, धाकटी आणि म्हातारी. कुठला नंबर कुठल्या खोलीत वाजायचा ती सगळी वही थोरलीकडं, बाकी दोघींकडं तिची नक्कल, आणि प्रत्येक फोननं तिघींपैकी कुणा एकीचा पदर धरून राहायचं. एकत्र कुटुंबच हो, दुसरं काय!

त्यात म्हातारीला झाली चौदा वर्षं. पंखा असा घरघरायचा की दाराबाहेर ऐकू यायचं. सुटे भाग कुठं मिळेनात. आता ती आपणहून गेली असती, तर तिच्या पदराला धरलेले दोनशे फोन बसले असते मुके. इस्पितळ हो ते! तिथं फोन मुका म्हणजे काय, कळतंय ना? म्हणून ती धडधाकट असतानाच तिला काढायचं ठरलं. ठरवलं साहेबानं. काढायचं कुणी? माझ्या सुनेनं. का? तर ती नवीन. म्हातारीला बसवणारे कुठं होते? एक निवृत्त, एक परदेशात, एक "मी तेव्हा रजेवर होतो" म्हणणारा. म्हटलं ना, बसवणारे सतरा...

साहेबाचा आवाज नाकातून. म्हणाला, "मॅडम, शुक्रवारी बारापर्यंत म्हातारी बाहेर पाहिजे. जमलं तर तुम्ही कायम. नाही जमलं, तर मग आपण दुसरं कोणीतरी बघू." आपण म्हणे! त्या 'आपण'मध्ये माझी सून कुठं होती, सांगा बघू? सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेली पोर. इकडं माझ्या लेकाचा कारखाना बंद पडलेला, तो दिवसभर घरातले नळ खोलतोय आणि परत लावतोय, नळ बिचारे गळत नव्हते तेसुद्धा गळायला लागले... घरात कमावतं माणूस ती एकटी. ती कायम झाली तर घर उभं, नाही तर आडवं. एवढा सरळ हिशेब.

पण पोरगी शहाणी! दुसरं कोणी असतं तर गेलं असतं आणि उपटली असती वायर. ती मला म्हणाली, "आई, एकत्र कुटुंबातनं कुणाला वेगळं काढायचं तर आधी काय करतात?" म्हटलं, अगं, आधी तिच्यावर कोण कोण अवलंबून आहे ते बघतात, त्यांची सोय लावतात, मग बोलणी. "तेच!" म्हणाली. आधी वहीची एक जादा नक्कल काढून कपाटात ठेवली. मग एकेक फोन म्हातारीच्या पदरावरून सोडवून थोरलीकडं नाहीतर धाकटीकडं नेऊन बांधायचा, उचलून बघायचा, "हॅलो, ऐकू येतंय का?" करायचं, मग पुढचा. चार दिवस हेच. रोज सकाळी मी चहा गाळता गाळता विचारायची, "सूनबाई, किती राहिले?"

"एकशे बारा, आई."

दुसऱ्या दिवशी, "चाळीस."

शुक्रवारी सकाळी विचारलं, तर कप तसाच हातात धरून म्हणाली, "एक."

"मग तोंड का असं? एकच ना?"

"आई, तो एक सापडत नाहीये."

आता काय म्हणावं! पडद्यावर त्याचा नंबर दिसत होता, तो जिवंत होता, म्हातारीला घट्ट धरून होता, पण होता कुठं? जागेच्या रकान्यात ज्यानं कुणी बसवला त्यानं लिहून ठेवलेलं, 'तात्पुरता.' तात्पुरता! चौदा वर्षं! अरे बाबा, तात्पुरता तर तात्पुरता, पण तात्पुरता कुठं? बसवणारे सतरा, काढणारं कोणी नाही, आणि लिहिणारं तर त्याहून नाही!

साहेब अकरा वाजता आला. "काय मॅडम, झालं?"

"एक फोन राहिलाय, साहेब."

"एक? दोनशेतला एक? अहो, उपटा वायर! ज्याचा बंद पडेल तो येईल बोंबलत, मग बघू."

"आणि जो येऊ शकत नाही तो, साहेब?"

"येऊ शकत नाही म्हणजे? पाय नाहीत का त्याला? बारा वाजता वर बैठक आहे माझी, तिथं मी काम झालं म्हणून सांगणार आहे. मी खाली येईपर्यंत म्हातारी बंद!" आणि निघाला तरातरा.

ती घाबरली नव्हती असं नाही हो. मला नंतर तिनंच सांगितलं. वायर हाताशी. उपटली की काम झालं, कायम झाली, घर उभं. कोण विचारणार होतं त्या एकाला? पण नाही उपटली. तिनं बिनतारी फोन उचलला, तो हरवलेला नंबर लावला, घंटा वाजत ठेवली, आणि कान टवकारून निघाली इस्पितळभर!

पहिल्या मजल्यावर काही नाही. दुसऱ्यावर मोठ्या सिस्टर आडव्या आल्या, "अहो, पेशंट झोपलेत, तुम्ही भिंतीला कान लावून काय फिरताय? बरं वाटत नाहीये का?" तेवढ्यात तिला बारीकशी घंटा ऐकू आली. ट्रिंग... ट्रिंग... भिंतीच्या आतून! ती कोपऱ्यावर धावली, तर आवाज गायब. जिना चढून तिसऱ्यावर आली, तर तिथं ट्रिंग ट्रिंग! भिंतीशी पोचते तोवर पुन्हा गप्प. आता मात्र तिलाच वाटायला लागलं, सिस्टर म्हणतात तेच खरं.

तिथं धुलाईवाले काका मळक्या चादरींची गाडी घेऊन उभे. म्हणाले, "ताई, तुम्हालापण ऐकू येतो का तो? कधीमधी वाजतो. मी कान तपासून आलो, डॉक्टर म्हणाले कान चांगले आहेत."

"कुठं वाजतो, काका?"

"तेच तर! कधी वर, कधी खाली. ताई, हा फोन चालतो."

"चालतो म्हणजे?"

"म्हणजे फिरतो. कधीपासून थांबलोय बघा मी इथं, लिफ्ट नुसती वरखाली करत होती, आता तर येईनाच मेली..."

लिफ्ट! तिच्या डोक्यात लख्ख उजेड! चादरी न्यायची ती मागची लिफ्ट. फोन लिफ्टमध्ये होता हो! लिफ्ट वर, फोन वर. लिफ्ट खाली, फोन खाली. ती दाराशी गेली, कान लावला, तर घंटा तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये कुठंतरी. आणि आता हलत नव्हती. एकाच जागी, ट्रिंग... ट्रिंग... आणि एवढ्यात फोन कुणीतरी उचलला!

"हॅलो! हॅलो! कोण आहे? मी अडकलोय इथं! लाइट गेलाय! मोबाइलला काडीची रेंज नाही!"

आवाज नाकातून.

"साहेब? तुम्ही मागच्या लिफ्टनं का गेलात?"

"पुढचीला गर्दी होती म्हणून! कोण, मॅडम का? अहो, अंधारात भिंतीत काहीतरी वाजायला लागलं, मी चाचपडत गेलो, एक लोखंडी डबी आहे, वर रंग फासलाय, नखांनी उघडली मी, नखांनी!"

"साहेब, हाच तो एक राहिलेला."

पलीकडनं नाकातून एक "आं?" आलं.

"आता बारा वाजायला आले साहेब," सून म्हणाली, अगदी साळसूदपणानं हो, "उपटू का वायर?"

"नको!! मॅडम, हात लावू नका! कशाला हात लावू नका! त्या खोलीत जाऊच नका!"

तुम्हाला सांगते, लिफ्टचा कारागीर यायला लागली चाळीस मिनिटं. चाळीस मिनिटं साहेब तो फोन कानाला धरून अंधारात उभा, आणि चाळीस मिनिटं माझी सून त्याला समजावतेय, सर्व्हर सुखरूप काढायचा कसा. आधी सगळे फोन हलवायचे, मग मोजायचे, शून्य आला तरी एक दिवस थांबायचं, मग म्हातारीची कामं एकेक करून थांबवायची, मग थोरलीच्या वहीतनं तिचं नाव काढायचं आणि यंत्र बंद करून वर ठळक चिठ्ठी लावायची, 'चालू करू नका'. नाहीतर कुणीतरी हौसेनं बटण दाबायचा आणि काडीमोड झालेला माणूस जेवायच्या वेळेला परत ताटावर येऊन बसावा तसं व्हायचं. जन्मात पहिल्यांदा साहेबानं कुणाचं सगळं ऐकून घेतलं. जाणार कुठं?

बाहेर आला तो घामानं निथळत. बैठक बुडालेली. म्हणाला, "मॅडम, सोमवारी करा. मंगळवारी करा. घाई काय आहे?" लिफ्टचा फोन तिनं त्याच दुपारी थोरलीकडं बांधला, काकांना आत उभं करून तीनदा वाजवून घेतला. काका खूश, कानांचा कलंक गेला. आणि मंगळवारी, शून्य मोजून, म्हातारी निघाली. इस्पितळात कुणाला कळलंसुद्धा नाही. एक फोन थांबला नाही, एक घंटा चुकली नाही. चांगल्या कामाचं हेच वाईट असतं हो, दिसतच नाही!

पण साहेबाला दिसलं. आठवड्यात पत्र आलं, कायम केल्याचं. लेकानं नळ सोडला, हात पुसले, खुर्चीवर उभं राहून मोठ्यानं वाचलं. सूनबाई हसत होती, रडत होती, दोन्ही एकदम. लेक म्हणाला, "आई, हिनं नाव काढलं बघ!"

आता मी काय बोलणार? आमच्या सात पिढ्यांत नाव काढणारी ही एकच निघाली, आणि तिनंही काढलं ते म्हातारीचं!