मध्यंतरापर्यंत पुढे

...नाही, पण मला सांगा, या वयात माणसाने नव्याने हरायला शिकायचंच कशाला? आधीचा अनुभव काय कमी होता? तुम्हाला सांगतो, मी जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं, माझा फुटबॉलशी संबंध म्हणजे कॉलेजच्या मैदानाच्या कडेने जाताना कानशिलात बसलेला एक चेंडू, बस्स! पण ही गेली... ही म्हणजे आमची बायको... आणि परगावच्या मुलाचा फोन माझ्या वाट्याला आला. आधी तो आईशी तासभर बोलायचा, मी मागून ओरडायचो, "जेवतो का वेळेवर, विचार त्याला!" झालं माझं बापपण! आता रविवारी फोन वाजतो. "बाबा, गोळ्या घेतल्या?" "घेतल्या." "ठेवू?" "ठेव." संपलं! दोन शिकलेली माणसं, आणि बोलणं किती, तर गोळ्यांच्या पाकिटावर मावेल एवढं!

एकदा त्याच्या मागे टीव्हीचा गलका ऐकू आला. म्हटलं, "काय बघतोस रे?" म्हणाला, "फुटबॉल. क्लबांची लीग. बघणार का तुम्ही?" मी घाबरून हो म्हणालो. घाबरलो की मी हो म्हणतो, लग्नालाही तसाच... असो. "सोपं आहे, बाबा. नियमबियम राहू द्या. एक संघ धरा, त्याची दर आठवड्याची मॅच बघा. आणि एकदा धरला की सोडायचा नाही!"

एक संघ धरा! अहो, कसा धरायचा? ज्याने आयुष्यात चपलांचा जोडसुद्धा एका फेरीत घेतला नाही, त्याने संघ धरायचा? सगळ्यांचे इतिहास वाचले, निष्कर्ष शून्य. शेवटी एका संध्याकाळी टीव्हीवर जांभळ्या शर्टातला एक थोराड कप्तान दिसला, गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकतोय... हुबेहूब मी, दवाखान्याच्या जिन्यावर! म्हटलं, हा आपला. धरला!

मुलगा इतका हसला, इतका हसला! "बाबा, हे तर पार तळाला आहेत! शेवटच्या तिघांना खालच्या लीगमध्ये ढकलतात, माहितीये ना?" मला काय माहीत? पण तुम्हाला सांगतो... हसला हो तो. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

मग काय! आम्ही हरलो की फोन. "काय बाबा, तुमची मंडळी बचावात झोपली वाटतं?" आम्ही हरतच होतो, त्यामुळे फोन येतच होता. एकदा गोल झाला, मी सोफ्यावरून उठलो, आणि माझं उठणं म्हणजे दोन टप्प्यांचं काम, तर पुरता उभा राहीपर्यंत गोल रद्द! का, तर कुणाचं तरी ढोपर पुढे होतं! मुलगा अर्धा तास ऑफसाइड समजावत बसला, साखरेचा डबा म्हणजे गोलकीपर वगैरे. मी म्हटलं, "नाही समजलं." समजलं होतं हो! पण तसं म्हटलं असतं, तर "ठेवू?" आलं असतं ना!

एका सकाळी टीव्ही लावतो तर काय, मध्यंतर, आणि आम्ही दोन-शून्यने पुढे! लगेच फोन लावला. "अरे, जिंकतोय आपण!" तो हळूच म्हणाला, "बाबा... ही कालची मॅच आहे. परत दाखवतायत. तीन-दोनने हरलात तुम्ही."

शेवटी व्हायचं तेच झालं, ढकललं खाली. आणि खालची लीग आमच्या टीव्हीवर दाखवतच नाहीत! म्हणजे संघ आहे, खेळतोय, फक्त मला दिसत नाही. हिच्याबद्दल असं कुणी सांगितलं असतं, तर मी मानायला तयार होतो.

रविवारी फोन. "बाबा, आता दुसरा संघ धरा." म्हटलं, "सोडायचा नाही म्हणाला होतास." मग, "गोळ्या घेतल्या?" "घेतल्या." "ठेवू?" "ठेव."

तर आता मी काय करतो... हसू नका. ती दोन-शून्यवाली मॅच टीव्हीच्या ॲपवर अजून आहे. रविवारी ती लावतो, मध्यंतराला थांबवतो आणि आपणच फोन करतो. "अरे, दोन-शून्यने पुढे आहोत!" पहिल्यांदा केला, तेव्हा तो म्हणाला, "कप्तान दमलाय का हो, बाबा?"

"दमलाय रे."

"गोळ्या घेतल्या त्याने?"

"घेतल्या."

"ठेवू?"

म्हटलं, "थांब की जरा. मध्यंतर आहे अजून... हरायचंय ते नंतर."