तक्ता चौदा, ओळ चौथी

...आणि वर मलाच सांगतात, तुमचं नाव कुठेच नाही! अहो, आहे असं मी कधी म्हणालो? तो तक्ता मी तीनदा वाचलाय, चष्मा लावून वाचलाय, चष्मा पुसून वाचलाय, नाव कुठेच नाही, मान्य! पण मग सहाव्या मजल्यावरच्या आजी लिफ्ट सोडून जिना का चढल्या, एवढंच मला कुणीतरी सांगा.

थांबा, पहिल्यापासून सांगतो. मी लिफ्ट दुरुस्त करतो. अख्ख्या वॉर्डात हे काम करणारा मी एकटा, बावीस वर्षं, प्रत्येक लिफ्टमध्ये बटणांच्या वर माझं नाव आणि फोन नंबर चिकटवलेला. आणि मला फिट्स येतात... येतात म्हणजे यायच्या हो! शेवटची येऊन अकरा वर्षं झाली, रोज सकाळी एक गोळी, विषय संपला. हे माहीत कुणाला? मला, डॉक्टरांना आणि आमच्या हिला. मालकांना नाही, कारण आमचे मालक म्हणजे कामगाराला शिंक आली तरी दोन पावलं मागे सरकणारे.

तर एक दिवस दारात आरोग्य पाहणीवाली बाई. गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्म, बोलणं काय गोड! "काका, अगदी मोकळेपणानं सांगा, नाव कुठेच येणार नाही." आता तुम्हाला सांगतो, इतक्या वर्षांत माझी तब्येत अशी बसून कुणी विचारलीच नव्हती. मी पाघळलो. सगळं सांगून टाकलं, गोळीच्या रंगासकट! तिनं ते इतक्या सुरेख अक्षरात लिहून घेतलं की मला हलकं वाटलं.

सहा महिन्यांनी अहवाल आला. वाचतो कोण असले अहवाल? माझा मेव्हणा वाचतो! निवृत्त माणूस, पेपरातली आकड्यांची कोडी सोडवतो, ती संपली की सरकारी तक्ते काढतो. आला चहाला, म्हणाला, दाजी, गंमत बघा. तक्ता चौदा, वॉर्डातले फिट्स येणारे लोक, व्यवसायाप्रमाणे. शिंपी आठ, ड्रायव्हर सहा, स्वयंपाकी पाच. (ड्रायव्हर सहा! पण सहा आहेत ना, गर्दीत लपले, मजेत आहेत!) आणि चौथी ओळ, लिफ्ट दुरुस्ती... तिथे एक तारा. खाली बारीक अक्षरात, पाचाहून लहान आकडा गोपनीयतेसाठी झाकला आहे. मी म्हटलं, वा, किती काळजी घेतात! आणि त्याच्याखाली ठळक अक्षरात, एकूण वीस.

मेव्हण्यानं पेन्सिल काढली. आठ नि सहा चौदा, चौदा नि पाच एकोणीस, विसातून एकोणीस गेले... पेन्सिल थांबली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी चहाकडे पाहिलं. स्वयंपाकघरात हिनं गॅस बंद केला, तो बंद झाल्याचा आवाजसुद्धा मला ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी गेलो पाहणीवाल्यांच्या कार्यालयात. साहेब अगदी शांत. म्हणाले, तारा लावलाय की. म्हटलं, साहेब, तारा लावलात, पण खाली बेरीज ठेवलीत, वजाबाकी तर शाळेतलं पोरही करील! साहेबांनी नियम काढला. तारा पाचाहून लहान आकड्याला. वीस पाचाहून मोठा. विसाला तारा कसा लावणार? "आणि तुमचं नाव कुठेच नाही," म्हणाले. मी हात जोडले. म्हटलं, साहेब, माझी नोकरी जाईल, काहीतरी करा. आणि इथे चुकलो हो मी... कारण साहेबांनी खरंच काहीतरी केलं!

शुद्धिपत्रक काढलं! वॉर्ड कार्यालयाच्या फळ्यावर लावलं! 'तक्ता चौदामधून एका लिफ्ट दुरुस्ती कामगाराच्या फिट्सबाबत गोपनीयतेचा भंग होत असल्याने एकूण हा आकडा वगळण्यात येत आहे.' नाव? नाव कुठेच नाही! आधी एक मेव्हणा जाणून होता, तोही कोडं सुटल्यामुळे. आता फळ्यासमोर थांबणाऱ्या प्रत्येकाला कोडं सोडवून हातात दिलं.

कुणी काही बोललं नाही, बरं का. बोलले असते तर अकरा वर्षांचा हिशेब दिला असता, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली असती. पण नाही. मी गेलो की बोलणी थांबायची. सहा मजली इमारतीतली लिफ्ट दुरुस्त केली, दार उघडून उभा राहिलो, म्हटलं, या आजी, सोडतो वर. आजींनी माझ्याकडे पाहिलं, मग बटणांच्या वरच्या चिठ्ठीकडे पाहिलं. "नको रे बाबा, चढते मी हळूहळू." दोन्ही हातात पिशव्या! मी लिफ्टमध्ये एकटा, आणि भिंतीपलीकडून त्यांची पावलं ऐकतोय... एक मजला, दम, दुसरा मजला, दम. तुम्हाला सांगतो, बावीस वर्षांत लिफ्टमध्ये मला पहिल्यांदा भीती वाटली.

मालकांनी आठवड्यानं बोलावलं. खुर्ची लांब सरकवून म्हणाले, थोडे दिवस आराम करा. किती दिवस, ते सांगितलं नाही.

परवा तीच बाई पुन्हा दारात. नवी पाहणी. व्यवसाय विचारला, म्हटलं, सध्या घरीच. तिनं 'बेकार' या ओळीत खूण केली. मी घाबरत विचारलं, बाई, इथे तारा लागेल का हो? ती हसली. "छे हो काका, या ओळीत खूप जण आहेत."

ती गेल्यावर मी बाहेर पडलो, आजींच्या त्या इमारतीत डोकावलो. लिफ्टमधली माझी चिठ्ठी खरवडून काढलीये, नुसता डिंकाचा डाग राहिलाय... म्हणजे आता बाईचं खरं झालं. नाव कुठेच नाही.