लाल परात

(अमरावतीबाहेरचं वनखात्याचं कासव केंद्र. भर दुपार. चाऱ्याच्या खोलीला बाहेरून कडी, आत गजेंद्र. दारापुढे सूर्यभान, मांडीवर कुऱ्हाड. समोर डॉक्टर निधी.)

सूर्यभान: कडीले हात नोका लावू, मॅडम. नऊ वर्सात तुमाले कधी वर नजर करून बोललो नाही, आज बोलाले लावू नोका.

निधी: सूर्यभानभाऊ, आतला माणूस तुमचा चुलतभाऊ आहे.

सूर्यभान: म्हनूनच एक हात मोडला. परका असता त मुंडी मोडली असती.

गजेंद्र: मॅडम, मी मेलो नाही अजून. कोपराच्या खाली हाड वर आलं. नाकातलं रगत बी थांबून नाही राह्यलं.

सूर्यभान: थोरल्या कासवीच्या नाकातून बी तसंच गळे. तिनं कोनाले हाक मारली बे?

निधी: कशानं मारलं तुम्ही त्याला?

सूर्यभान: दांड्यानं. पातं ठेवलं हाय अजून. फोन खाली ठेवा तो. पाचवं कासव कसं हाय ते सांगा. पाचवं गेलं त आज दांड्यावर भागनार नाही.

निधी: श्वास घेतंय. आत्ताच पाहून आले.

गजेंद्र: जगू दे बाप्पा त्याले.

निधी: यानं केलं तरी काय, ते मला नीट सांगा.

सूर्यभान: मी आलो तवा इथं तीन कासवं होती. तीन. त्याचे चौदा केले मी. उन्हाळ्यात पोत्यावर पानी मारून मारून माह्या हाताची सालं गेली. थोरली अंड्यावर आलती. मेल्यावर तुमीच पोट फाडून पाह्यलं ना? किती होती?

निधी: सात.

सूर्यभान: सात. अन् ह्या हरामखोरानं शनवारी नव्या कासवायच्या वाड्यात जाऊन नखं मोजली. एकेकाले उताणं पाडून. मी आपल्या डोयानं पाह्यलं. तिथला रोग हाताले लावून घेतला अन् माह्या घरच्या कासवायले देल्ला. चार मेली. तवापासून तोंड दाखवलं नाही यानं. खाई त्याले खवखवे.

गजेंद्र: नखं मोजली, खोटं कायले बोलू? अकोल्याचा एक बुवा रोज फोन करून राह्यला होता. एकवीस नखाचं कासव पैशाचा पाऊस पाडते म्हने. मोजली, त सगळ्यायची अठराच भरली. ठेवून देल्ली जागच्या जागी.

सूर्यभान: आयकलं? हे आठ कासवं अकोल्याच्या स्टेशनात कशी सापडली मालूम हाय ना तुले? पायमोज्यात कोंबलेली, चिकटपट्टीनं बांधलेली. पट्टी सोडली त एकाचा पाय सडून माह्या हातात आला. अन् तुले त्यायचीच नखं मोजाची होती. अजून एकवीस नाही झाले म्हनून रडत असशीन. थांब, तुहीच मोजतो. दहा हाताचे, दहा पायाचे. एकेक उपसून मोजतो.

निधी: खाली बसा, भाऊ. बसा म्हणते ना. नखांचं काय करायचं ते पुढे पाहू. मला रोगाचं पाहू द्या. गजेंद्र, शनिवारच्या आधी तू त्या वाड्यात कधी गेला होतास?

गजेंद्र: कसा जाईन? महाशिवरात्रीले नवी कासवं आली अन् दुसऱ्याच दिवशी मले धारणीले धाडलं, खड्डे खोदाले. दोन महिने तिकडंच होतो. शुक्रवारी जीपनं आलो, शनवारी हे कांड केलं.

निधी: भाऊ, थोरलीच्या नाकाला पहिला बुडबुडा कधी दिसला? तुम्हीच मला फोन केला होता.

सूर्यभान: हनुमान जयंतीले. परसाद घेऊन आलो त तिचं नाक वाजून राह्यलं होतं.

निधी: त्याला आज किती दिवस झाले?

सूर्यभान: असतीन वीस-बावीस.

निधी: आणि शनिवारला पाच. बुडबुडा दिसला तेव्हा हा धारणीला होता.

सूर्यभान: त मंग अजून कोनी गेलं असन याचं.

निधी: हा आजार अंगात शिरला की दिसायला आठवडे लागतात. म्हणून तर नव्यांना सहा महिने वेगळं ठेवा म्हटलं होतं.

सूर्यभान: कोरोनात मानसाले चौदा दिस अन् कासवाले सहा महिने. सारे हासले, मी हासलो नाही. तुमच्या शब्दाच्या बाहेर एक दिस गेलो नाही मी.

निधी: दोन्ही वाड्यांत कोण जायचं?

सूर्यभान: कोनी नाही. मी.

निधी: नव्यांकडे जाताना चप्पल?

सूर्यभान: निळी. त्याच वाड्यापुरती.

निधी: हात?

सूर्यभान: औषधाच्या पान्यानं, कोपरापर्यंत. तुमी कोनाची उलटतपासनी घेऊन राह्यल्या, मॅडम? सरळ बोला. ही कुऱ्हाड मानूस पाहून नाही पडत.

निधी: मला भीती वाटतेय, भाऊ. तरी विचारणार. चारा कशात घालता?

सूर्यभान: परातीत.

निधी: नव्यांना लाल, घरच्यांना पांढरी. मी स्वतः आणून दिल्या होत्या. पांढरी तिथे उन्हात पडली आहे. लाल कुठे आहे?

सूर्यभान: असन कुठी.

गजेंद्र: मॅडम, लाल परात इथं हाय. माह्या उशालेच, पेंढ्यायच्या मांगं. दुकानातला कागद बी निघाला नाही तिचा. कोळ्यानं जाळं केलं तिच्यात.

निधी: भाऊ?

गजेंद्र: बोल ना आता. मघापासून त लय बोलून राह्यला होता.

सूर्यभान: चूप बैस तू.

निधी: दोन्हीकडे एकच परात वापरली तुम्ही?

सूर्यभान: चार दिस वापरली लाल. मंग ठेवून देल्ली.

निधी: का?

सूर्यभान: त्यायचं ताट येगळं करवलं नाही मले.

निधी: म्हणजे?

सूर्यभान: माह्या मायले टीबी झाला होता. याच्या मायनं तिले ढोराच्या कोठ्यात टाकलं. जर्मनचं एक ताट होतं, खुनेसाठी काठाले खिळ्यानं भोक पाडलेलं. घरात कोनी त्याले शिवे नाही. मी आठ वर्साचा होतो. एक दिस मायच्या संगं त्याच ताटात जेवाले बसलो, त याच्या बापानं चुलीतलं जळतं लाकूड घेतलं अन् मले झोडपलं. पाठीवर हाय अजून. माय मेली त तिले उचलाच्या आधी ते ताट उकिरड्यावर फेकलं.

निधी: हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

सूर्यभान: काय बोलू? लाल परात हातात घेतली का मले ते भोक दिसे. मोज्यात कोंबून आनलेले जीव, त्यायले बी म्या तुमचं ताट येगळं म्हनाव? नाही झालं माह्यानं. धुत होतो ना मी, मॅडम. रोज घासून धुत होतो.

निधी: पाण्यानं हा रोग जात नाही, भाऊ.

सूर्यभान: म्हंजे थोरलीले म्याच मारलं.

निधी: तुम्हाला मारायचं नव्हतं.

सूर्यभान: मायले बी माराचं कोनाच्या मनात नव्हतं. मेली ना पन.

गजेंद्र: भाऊ, एक विचारू? माह्या बापानं तुले लाकडानं मारलं. त्याचंच काढलं का आज माह्यावर?

सूर्यभान: नाही.

गजेंद्र: पहिल्या दांड्यात मी कबूल केलं होतं. तरी तू मारत राह्यला.

सूर्यभान: मोजले नाही मी. थांबता येत नव्हतं. तुहं तोंड बापावर गेलं हाय, गजा. तू खालून वर पाह्यलं का तोच दिसते.

निधी: कुऱ्हाड माझ्याकडे द्या.

सूर्यभान: घ्या. पात्याले धार हाय, संभाळून.

निधी: पाचवं सकाळीच गेलं, भाऊ. मघाशी मी खोटं बोलले.

सूर्यभान: बरं झालं खोटं बोलल्या.

निधी: मी गाडी बोलावते. मागून पोलीसही येतील.

सूर्यभान: येऊ द्या. काहीच नाही लपवनार मी. उरलेल्या नऊले येगळं येगळं ठेवा. एकेकाले एकेक परात. चारा दुसऱ्या कोनाले घालू द्या, मी आता त्या वाड्यात नाही जात.

निधी: आधी हे दार उघडा.

सूर्यभान: गजा, हालू नोको. हाताखाली हे पोतं घेतो. दुखलं का?

गजेंद्र: दुखन नाही त काय? पानी दे.

सूर्यभान: घे. मान उचल उलीसी, मी पाजतो. माह्याच गिलासातलं हाय.

गजेंद्र: आधी हात धू.