खाचरातला तास

भोरच्या एसटी स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर कॉलेजच्या दोन मुली बसल्या होत्या.

"शिवानी, तू तर भाताची लावणी उरकल्याबिगर कॉलेजात येणार नव्हतीस?"

"नव्हतेच. इकॉनॉमिक्सचे सर आले की आमच्या उत्रोलीला."

"घरी?"

"घरी कशाला? पँट दुमडून थेट खाचरात उतरले. म्हणाले, तू तासाला येत न्हाईस, म्हणून तासच घेऊन आलोय."

"लावणी येते व्हय त्यांना?"

"लई छान! त्यांनी लावलेली रोपं आई पाठोपाठ उपटून परत लावत होती."

"आन् शिकवलं काय?"

"छुपी बेरोजगारी. पप्पांनाच विचारलं, ह्यातलं एक माणूस कमी केलं तर लावणी अडंल का?"

"अगं बया! पप्पा काय म्हणाले?"

"म्हणाले, सर, तुमी बांधावर बसलात तर लवकर उरकंल."

"बरी जिरली!"

"कुठली जिरतीय? हसत जाऊन बांधावर बसले. म्हणाले, आता अजून एक कमी करून बघा."

"मग?"

"पप्पांनी आईकडं बघितलं, चुलत्याकडं बघितलं, चुलतीकडं बघितलं. मग सगळे मिळून माझ्याकडं बघाय लागले."

"आन् तू?"

"मी काय करणार? पाय धुतले. आज सकाळी पप्पांनी स्वतः गाडीवर कॉलेजला आणून सोडलं."

"असले कसले सर गं! दुसऱ्यांनी गप नोट्स दिल्या असत्या."

"व्हय ना. नोट्स विसरता तरी आल्या असत्या. आता परीक्षेत उदाहरण विचारलं, तर माझंच नाव लिहावं लागंल."